काय होतंय?

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात एक वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर रात्री बिनलाइटचा हायवेला काढला, काय होतंय! विहिरीवरची मोटर सारखी ट्रिप होते म्हणून स्टार्टरमधला रिलेच बायपास केला, काय होतंय! लग्नाला निघताना एका गाडीवर चौघं बसले, काय होतंय! लिहिताना या वाक्यापुढे खरं तर प्रश्नचिन्ह हवं, पण बोलणाऱ्याला उत्तर नको असतं. उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं: काही होत नाही.

आणि खरंच, बहुतेक वेळा काही होत नाही. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

२०१९ ची दिवाळी. माझ्या आत्याचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या काठाला. तिची मुलगी पलीकडे करमाळा तालुक्यात दिलेली. भाऊबीजेला ताईकडे जायचं होतं. ज्यांनी उजनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: भीमा नदीवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्याचं पाणी मागे पार दौंड तालुक्यापर्यंत पसरतं. त्या पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली, रस्ते गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा लोक फोटो काढायला जातात. पण पाण्याखाली गेलेली सोयरीक, बाजार, दवाखाना आणि शाळेची वाट कशी वर येणार? समोरचं गाव डोळ्यांना दिसतं आणि रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. म्हणून लोक बोटीने जातात. आम्हीही बोटीनेच गेलो.

बोटीत दहा-अकरा माणसं, दोन मोटरसायकली आणि दुधाचे चार कॅन. बोट चालवणाऱ्यांना सगळे तात्या म्हणत होते. चढताना मी विचारलं, "तात्या, जॅकेट नाहीत का?" तात्यांनी उत्तर द्यायच्या आत आत्यानेच माझ्या दंडाला चिमटा काढला. "पाण्यावर असलं अभद्र बोलू नये."

निम्म्या पाण्यात गेल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, धापा टाकल्यासारखा झाला आणि इंजिन बंद पडलं. पंख्यात कुणाचं तरी मासेमारीचं जाळं अडकलं होतं. इंजिन बंद पडेपर्यंत मला वाटायचं की इंजिन बोटीला फक्त पुढे नेतं. त्या दिवशी कळलं की ते बोटीचं तोंडही धरून ठेवतं. इंजिन थांबलं तशी बोट हळूहळू फिरली आणि वाऱ्याला आडवी झाली. आता प्रत्येक लाट कुशीवर बसायला लागली. मोटरसायकली कलंडायला लागल्या, दोघांनी त्या धरल्या. कोपरापर्यंत पाणी उडत होतं. तात्या मागे ओणवे झाले, एकाने त्यांचे पाय धरले आणि तात्यांनी ऊसतोडीच्या कोयत्याने जाळं कापून काढलं. दहाएक मिनिटं लागली असतील. इंजिन पुन्हा धडधडलं. तात्या वर आले, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलं का? काय होतंय त्याला!"

सगळे हसले. मीही हसलो. भाऊबीज झाली, येताना त्याच बोटीने परत आलो.

पुढची साडेचार वर्षं मी ही गोष्ट पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कित्येकदा सांगितली असेल. आत्याचा चिमटा, तात्यांचा कोयता, पाय धरणारा माणूस, सगळं अभिनयासकट. गोष्ट हमखास चालायची.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी एक बोट वादळी वाऱ्यात उलटली. कुगाव करमाळा तालुक्यातलं, कळाशी आमच्या इंदापूर तालुक्यातलं. बोटीत सात जण होते. पोलीस खात्यातले एक अधिकारी पोहत काठाला आले म्हणून बातमी तरी कळली. बाकी सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुलं होती. एनडीआरएफचे जवान शोधत होते आणि काठावर दोन्ही तालुक्यांतली माणसं बसून होती. मी पुण्यात मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. पाणी ओळखीचं होतं.

त्या दिवसापासून माझी गोष्ट मला सांगता येईना. गोष्ट तीच होती. २०१९ मध्ये आम्ही जे केलं त्यातली एकही बाब २०२४ मध्ये बदलली नव्हती. जॅकेटशिवाय, इंजिनाच्या भरवशावर, मोठ्या पाण्यात आम्हीही होतो. त्यांच्या वाट्याला वळवाचा वारा आला, आमच्या वाट्याला जाळं आलं. आमच्यातला आणि त्यांच्यातला फरक एवढाच. मग साडेचार वर्षं मी जे सांगून लोकांना हसवत होतो, ते नेमकं काय होतं?

*

आत्याचा मुलगा, माझा दादा, मरिन इंजिनिअर आहे. समुद्र न दिसणाऱ्या आपल्या पुणे जिल्ह्यात, लोणी काळभोरला आणि तळेगावजवळच्या इंदुरीला, जहाजावरचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. दुष्काळी भागातली पोरं तिथं जातात आणि पुढे जगभर पाण्यावर राहतात. दादा आता मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. त्या जूनमध्ये तो सुट्टीवर आला होता. आम्ही काठावर बसलो होतो. धरणात पाणी कमी होतं, चिखल वर आला होता.

मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे कसं असतं रे?"

तो म्हणाला, "आमच्याकडे पण हाच प्रश्न विचारतात. काय होतंय? फक्त खरा विचारतात."

मग तो सांगत गेला. मुख्य जनरेटर बंद पडले तर काय होतं? जहाज काळोखात जातं, सुकाणूची ताकद जाते. म्हणून वेगळा आणीबाणीचा जनरेटर ठेवतात आणि त्याने ४५ सेकंदांच्या आत आपोआप वीज दिली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण तो इंजिन रूममध्येच ठेवला आणि इंजिन रूमलाच आग लागली किंवा पाणी भरलं तर काय होतं? म्हणून तो वर, वेगळ्या खोलीत, वेगळ्या डिझेलच्या टाकीसकट. तो ऐन वेळी सुरूच झाला नाही तर? म्हणून दर आठवड्याला चालवून बघायचा. आग हाताबाहेर गेली तर? इंजिन रूम बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पण आत माणूस राहिला असेल तर? म्हणून सोडण्याआधी सगळ्यांची हजेरी. गॅसने आगीबरोबर माणूसही गुदमरतो, त्यामुळे मोजणी जुळल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही.

"आणि एक डेड मॅन अलार्म असतो," तो म्हणाला. नाव ऐकूनच मला आत्याचा चिमटा आठवला. हल्ली बऱ्याच जहाजांच्या इंजिन रूममध्ये रात्री कोणी नसतं. काही बिघडलं की ड्युटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो आणि तो एकटा खाली उतरतो. उतरताना एक बटण चालू करतो. त्यानंतर साधारण अर्ध्या तासाच्या आत त्याने ते पुन्हा दाबायचं. नाही दाबलं तर आधी इशारा वाजतो, आणि तरीही दाबलं नाही तर वर ब्रिजवर आणि बाकीच्यांच्या केबिनमध्ये अलार्म होतो: खाली गेलेला माणूस उत्तर देत नाहीये.

मी म्हटलं, "अपमान नाही वाटत? दर अर्ध्या तासाला जिवंत आहे म्हणून सांगायचं?"

"पहिल्यांदा वाटला. मग एकदा रात्री तीनला एकटा खाली गेलो, तेलावरून पाय सटकला, मांडीला मार बसला. फार नाही लागलं. पण पडल्या पडल्या आधी ते बटण आठवलं. म्हटलं, मी नाही उठलो तरी कुणीतरी येईल."

मला वाटतं, आपल्याकडे काळजी घ्यायला लोक अडखळतात ते यामुळेच. जॅकेट मागणं म्हणजे तात्यांच्या हातावर अविश्वास. वाईटाचं नाव घेणं म्हणजे वाईटाला बोलावणं. जहाजावर प्रत्येक खलाशाला महिन्यातून निदान एकदा आगीचा आणि एकदा जहाज सोडून जाण्याचा सराव करावा लागतो. म्हणजे सगळ्यांनी मिळून, ठरवून, मोठ्याने अभद्र बोलायचं. आणि त्यातून कुणाचा कुणावर अविश्वास दिसत नाही. उलट ती एक कबुली असते: माणूस झोपतो, विसरतो, सटकतो. चांगला माणूसही.

हे सगळं सांगून दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी जहाजावर इतका नियमाचा आहे ना, पण लहानपणापासून दोनशे वेळा तरी या पाण्यावरून जॅकेट न घालता गेलो असेन. लायसन्स मिळाल्यावर पण. आईला कधी एक जॅकेट आणून दिलं नाही."

*

दादाने मला दोन जहाजांच्या गोष्टी सांगितल्या. दोन्ही मी नंतर सविस्तर वाचल्या.

पहिली 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' या फेरीबोटीची. ६ मार्च १९८७ ला ती बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून निघाली तेव्हा गाड्या आत घ्यायचे तिचे पुढचे दरवाजे उघडेच होते. दरवाजे बंद करणारा कर्मचारी झोपला होता. ते बंद झाले की नाही हे ब्रिजवरून दिसत नव्हतं. पाणी आत शिरलं, बोट काही क्षणांत कलंडली आणि १९३ माणसं गेली. पण माझ्या डोक्यात राहिली ती दुसरीच गोष्ट. चौकशीत निघालं की १९८३ मध्ये त्याच कंपनीची दुसरी बोट असेच दरवाजे उघडे ठेवून गेली होती. तेव्हाही कर्मचारी झोपला होता. तेव्हा काही झालं नाही. नंतर दरवाजे बंद आहेत हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, अशी मागणी कॅप्टन मंडळींनी केली, ती कंपनीने हसण्यावारी नेली. मध्ये चार वर्षं गेली. या दुर्घटनेनंतर आलेल्या सुरक्षा व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अपघाताइतकीच धोक्याच्या प्रसंगांचीही नोंद करायला सांगितलं आहे. थोडक्यात निभावलं, एवढं म्हणून सोडून द्यायचं नाही. लिहून द्यायचं.

दुसरी गोष्ट 'डाली'ची. २६ मार्च २०२४, म्हणजे आमच्या उजनीच्या घटनेच्या दोनच महिने आधी. सुमारे ३०० मीटर लांबीचं हे कंटेनर जहाज अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून रात्री निघालं. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुलाजवळ येताना जहाजाची वीज गेली, आली आणि पुन्हा गेली. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. पुलावर रस्ता दुरुस्त करणारे सहा कामगार मेले. जहाजावरून वेळेत धोक्याचा संदेश गेला आणि पोलिसांनी पुलावरची वाहतूक थांबवली, म्हणून आकडा सहावर राहिला.

तपास यंत्रणेने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष सांगितले. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल वायरमुळे. वायर ओळखू यावी म्हणून तिच्यावर लेबल लावलेलं होतं, ते अशा जागी बसलं होतं की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. दुसऱ्यांदा वीज गेली त्याचं कारण आणखी ओळखीचं वाटलं. जनरेटरला डिझेल पुरवायला पाइप धुण्यासाठीचा पंप वापरात होता. वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होत नाही. रोजच्या कामाला तो पुरत होता. नियमातला पंप वीज आल्यावर स्वतःहून सुरू झाला असता, पण हा फरक वीज जाईपर्यंत कुणाला जाणवण्याचं कारणच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. तोवर जे दुसऱ्यांचं वाटत होतं, ते माझं झालं होतं.

*

मी सॉफ्टवेअर लिहितो. तेव्हा आमची टीम शीतगृहांवर नजर ठेवणाऱ्या एका प्रणालीवर काम करत होती. खोलीतलं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ऑन-कॉल माणसाला अलर्ट जातो. एका ठिकाणचा सेन्सर सारखा खोटी ओरड करायचा. सलग चार रात्री दोन-तीन वाजता मला उठवलं. पाचव्या रात्री मी कोडमध्ये एक ओळ टाकली: या सेन्सरचे अलर्ट दाबून ठेवा. वर कॉमेंट लिहिली, 'तात्पुरतं, सेन्सर बदलल्यावर काढणे'. आणि झोपलो.

सेन्सर दोन आठवड्यांत बदलला. माझी ओळ आठ महिने तिथेच राहिली. आठ महिने त्या खोलीत काहीही झालं असतं तरी कुणाचाही फोन वाजला नसता. त्या खोलीत लशी होत्या की द्राक्षं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मला ती दुसरंच काहीतरी शोधताना सापडली. जुने आकडे तपासले, तापमान एकदाही मर्यादेबाहेर गेलं नव्हतं. काही झालं नव्हतं. मी ओळ काढली, एका मोठ्या बदलात मिसळून पुढे ढकलली आणि कुणाला काही बोललो नाही.

आता प्रश्न असा: मी काही चुकीचं केलं का?

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी या कोड्यावर लिहिलं. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'नैतिक नशीब'. नेगेलचं उदाहरण साधं आहे. एक माणूस दारू पिऊन गाडी चालवतो आणि गाडी फुटपाथवर जाते. फुटपाथ रिकामा असेल तर तो बेफिकीर ड्रायव्हर, दंड भरून सुटला. तिथं माणसं असतील तर तो त्यांचा मारेकरी. दोन्हीकडे त्याने केलं ते एकच. फुटपाथवर कोण आहे, हे त्याच्या हातात नव्हतं. मग जे आपल्या हातात नाही, त्यावरून माणूस बरा की वाईट कसं ठरवायचं?

लहानपणापासून आपण ऐकत आलो की फळाकडे न बघता कर्म करावं. निष्काळजीपणाच्या बाबतीत मात्र आपण बरोबर उलटं करतो. कर्माकडे बघतच नाही. फळ गोड निघालं की कर्म चांगलंच होतं असं धरून चालतो, आणि त्याहून पुढे जाऊन त्याला अनुभव म्हणतो. तात्यांचा वीस वर्षांचा अनुभव. माझी आठ महिने न बिघडलेली प्रणाली. प्रत्येक निभावलेल्या वेळेने आपली खात्री वाढते, आणि धोका मात्र होता तेवढाच असतो.

नशीब फसलेल्याला आणि नशीब साथ दिलेल्याला सारखीच शिक्षा व्हावी, असं मी म्हणत नाही. ज्याच्या हातून जीव गेला त्याला जे वाहावं लागतं ते वेगळं आहे, आणि ते आपण दुरून मोजूही नये. पण नशीबवान माणसाकडे एक गोष्ट असते जी दुसऱ्याकडे उरलेली नसते. वेळ. त्याला अजून सांगता येतं. १९८३ मधल्या बोटीतल्या प्रत्येकाला सांगता येत होतं. २०१९ मध्ये मलाही. मी सांगितलंच की, कॅन्टीनमध्ये, हसत हसत. तीच गोष्ट मी ग्रामपंचायतीत सांगितली असती, तहसीलला अर्ज केला असता, निदान आत्याला नीट समजावून सांगितली असती, तर २१ मे टळला असता असं नाही. तेवढं मोठं माझं काही नाही. पण माझ्या हातात एक इशारा आला होता आणि मी त्याचा विनोद केला, हे तर खरं आहे ना?

*

इथं दादाने मला अडवलं होतं. तो म्हणाला, "तुझी ती ओळ आणि तात्यांची बोट एका तराजूत नको घालू."

त्याचं बरोबर आहे. जहाजावर हे सगळे प्रश्न विचारता येतात कारण उत्तरांचे पैसे भरणारं कोणीतरी असतं. मालक, विमा कंपन्या, बंदरावर तपासणीला येणारे अधिकारी. दुसरा जनरेटर फुकट येत नाही. तात्यांना दहा जॅकेट घ्यायची तर तिकिटातून किती दिवसांनी निघतील? वारा सुटला म्हणून फेरी रद्द केली तर पलीकडच्या बाळंतिणीने काय करायचं? ज्या बाईला वळसा परवडत नाही तिच्या तोंडी 'काय होतंय' येतं तेव्हा त्यात मस्ती नसते, नाइलाज असतो. धरण बांधताना पाण्याखाली जाणारे रस्ते नकाशावर दिसत होते. त्या काठांवरची माणसं पुढे कशी ये-जा करतील, हा प्रश्न तेव्हा खरा प्रश्न म्हणून विचारायचं काम तात्यांचं नव्हतं. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला, पण पाणी अडल्यावर चार दशकं उलटून गेल्यावर. मधली सगळी वर्षं काही होत नाही यावरच काढली.

आणि जिथं पैसा आहे, शिस्त आहे, तिथंही हा प्रश्न आपोआप विचारला जातो असं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत होती. इंजिनात बिघाड झाला, ताबा सुटला आणि ती एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसं गेली. प्रवासी बोटीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हती. नवं इंजिन तपासायचं म्हणजे ते बिघडू शकतं हे मान्य करूनच तपासायचं. मग ते बिघडलं तर आजूबाजूला कोण असेल, हा प्रश्न चाचणीच्या पहिल्या ओळीत यायला हवा. अपघातानंतर लगेच जॅकेटची सक्ती झाली. आपल्याकडे नियम बहुधा असाच येतो, दुसऱ्या दिवशी.

त्यामुळे मला आता असं वाटतं: 'काय होतंय' म्हणायचा हक्क सगळ्यांना सारखा नाही. ज्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही, त्याला तो आहे. ज्याच्यापुढे दुसरा रस्ता होता आणि ज्याने तो झोपेसाठी, आळसासाठी, डेडलाइनसाठी टाळला, त्याला नाही. माझ्यापुढे रस्ता होता. सेन्सर बदलायची तक्रार टाकून, अलर्ट फक्त दोन आठवड्यांसाठी बंद करून, तारीख लावून ठेवता आली असती. दहा मिनिटांचं काम होतं. आणि धोका माझ्यावर नव्हताच. निदान तात्या स्वतः त्या बोटीत असायचे. मी माझ्या घरी पांघरूण घेऊन झोपलो होतो. आपल्या जिवावर जोखीम घेणाऱ्याला आपण धाडसी म्हणू. दुसऱ्याच्या नकळत त्याच्या जिवावर घेणाऱ्याला काय म्हणायचं?

*

'डाली'चा निष्कर्ष वाचला त्या आठवड्यात मी ती ओळ टीमच्या मीटिंगमध्ये सांगितली. कधी टाकली, का टाकली, किती महिने राहिली, काढली तेव्हा का लपवली. मॅनेजर म्हणाले, "काही झालं नाही ना? मग आता कशाला उकरतोस?" त्यांचा सूर रागाचा नव्हता, उलट मला वाचवायचा होता. मी म्हटलं, "सर, काही झालं असतं तर तुम्हीच विचारलं असतं. झालं नाही म्हणूनच मला सांगावं लागतंय."

खोलीत थोडा वेळ शांतता होती. फार मोठं काही घडलं नाही. माझ्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात एक वाक्य वाढलं, ते वाचून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. आता दाबलेल्या प्रत्येक अलर्टला शेवटची तारीख लावल्याशिवाय आमचा कोड पुढे जात नाही. आणि मीटिंगनंतर संध्याकाळी एक नवी मुलगी माझ्या डेस्कपाशी आली, म्हणाली, "माझी पण एक ओळ आहे."

या दिवाळीत आत्याकडे गेलो तेव्हा दादाने पाठवलेली चार जॅकेट तिथं आधीच येऊन पडली होती. भगव्या रंगाची, छातीवर शिटी बांधलेली. आत्याने ती धान्याच्या कोठीवर ठेवली होती, प्लास्टिकही काढलं नव्हतं. मी म्हटलं, ताईकडे जाताना घालू. ती हसायला लागली. "ह्या वयात हे घालून बसू होय? लोक काय म्हणतील? आन् काय होतंय..."

ती मध्येच थांबली. कदाचित तिलाही तो मे महिना आठवला असेल. तिच्या ओळखीची माणसं दोन्ही काठांवर आहेत.

मग तिने एक जॅकेट खाली घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, शिटी हातात धरली आणि विचारलं, "आणि हे पाण्यात सुटलं तर काय होतंय रे?"

तिच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच प्रश्न म्हणून ऐकला. तिला शेजारी बसवलं आणि पट्टा कसा आवळायचा ते दाखवलं.